यादीची कोरी बाजू

लखनौ,
डिसेंबरचा पहिला आठवडा

चि. बाळ,


तुझं पत्र आणि सोबतची यादी काल पोचली. आमदार म्हणून नागपूरच्या पहिल्या अधिवेशनाला निघण्याआधी ती मावशीला वाचायला पाठवावीशी वाटली, याचं फार समाधान झालं. बंधाऱ्याची दुरुस्ती, ग्रामीण रुग्णालयाला भूलतज्ज्ञ, एसटीच्या बंद पडलेल्या फेऱ्या, शाळेच्या दोन खोल्या. दारोदार फिरून, लोकांच्या ओसरीवर बसून तू हे सगळं टिपलं आहेस. त्यातलं एक अक्षरही खोडू नकोस. पण वाचून झाल्यावर मी कागद उलटला, तर मागची बाजू कोरी होती. त्या कोऱ्या बाजूसाठी हे पत्र.

यादीतली बरीचशी कामं मंत्रालयात खेटे घालून, जिल्हाधिकाऱ्यांना भेटून, आमदार निधीतून मार्गी लागतील. त्यांच्यासाठी सभागृहात पाऊल टाकायलाच हवं असं नाही. मग सभागृहात बसणाऱ्यालाच जे करता येतं, ते कोण करणार?

लग्न होऊन इथे आल्यापासून हजरतगंजला जाता-येता इथलं विधान भवन बघते आहे. मिर्झापूरच्या दगडातली ती भव्य इमारत २१ फेब्रुवारी १९२८ रोजी खुली झाली. आज तिथल्या विधानसभेत ४०३ सदस्य बसतात. जमीनदारी संपवणारा कायदा इथे झाला आणि १ जुलै १९५२ रोजी जमीनदारी संपुष्टात आली. एकेका शेतकऱ्यासाठी आमदार तहसीलदाराकडे गेले असते, तर किती जणांचं भलं झालं असतं? कायद्याने साऱ्या प्रांताचा हिशेबच बदलला. आपल्या महाराष्ट्रातही तेच घडलं. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या विचारातून रोजगार हमी योजना उभी राहिली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २००५ मध्ये देशाने त्याच वाटेवर पाऊल टाकलं.

इथल्या सभागृहांच्या इतिहासात आपली मराठी माणसंही आहेत. झाशीकडचे आत्माराम गोविंद खेर इथल्या विधानसभेचे अध्यक्ष होते. झाशीचेच रघुनाथ विनायक धुळेकर संविधान सभेत होते आणि पुढे इथल्या विधान परिषदेचे सभापती झाले. ती नावं वाचताना अभिमान वाटतो. तुझ्याकडून माझी अपेक्षा वाढते, तीही त्यामुळेच.

आता तुझ्याच यादीतला भूलतज्ज्ञ घे. तुझ्या तालुक्यातली एक जागा भरा, असा अर्ज दिलास तर कदाचित ती भरेल आणि शेजारच्या तालुक्यातली रिकामी होईल. त्याऐवजी तारांकित प्रश्न विचार. राज्यातल्या ग्रामीण रुग्णालयांत भूलतज्ज्ञांची मंजूर पदं किती, भरलेली किती, रिकामी कधीपासून? मंत्र्यांना उभं राहून उत्तर द्यावं लागेल. मग उपप्रश्न विचार. ‘लवकरच भरू’ असं ते म्हणाले, तर ते शब्द कामकाजात नोंदले जातील आणि आश्वासन समितीला त्यांचा पाठपुरावा करता येईल. प्रश्नांच्या सूचना बऱ्याच आधी द्याव्या लागतात. या अधिवेशनाची मुदत टळली असेल, तर अर्थसंकल्पी अधिवेशनासाठीचा मसुदा आजच लिहायला बस. समितीवर नाव लागलं तर ती शिक्षा समजू नकोस. लोकलेखा समितीत महालेखापरीक्षकांचा अहवाल ओळ न् ओळ वाचणारा एक सदस्य असला, तरी अधिकारी तयारी करून येतात.

हे सगळं करायला सभागृह मुळात चालायला हवं. राज्यघटनेचं बंधन एवढंच, की दोन अधिवेशनांत सहा महिन्यांहून जास्त अंतर पडू नये. संविधानाच्या कामकाजाचा आढावा घेणाऱ्या आयोगाने २००२ मध्ये मोठ्या राज्यांच्या विधानसभांसाठी वर्षाला किमान ९० दिवस सुचवले होते. पीआरएस या अभ्याससंस्थेच्या नोंदीप्रमाणे २०२३ मध्ये देशभरातल्या विधानसभा सरासरी २३ दिवस बसल्या आणि ४४ टक्के विधेयकं मांडल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी मंजूर झाली. एका रात्रीत विधेयक कोणी वाचलं असेल, बाळ? वाचायला वेळ द्या, असं उभं राहून म्हणणं हे तुझ्या यादीतलं पहिलं काम असू दे. पक्षाच्या बैठकीतही म्हण.

आणखी एक गोष्ट इथलीच. गोरखपूरच्या केशव सिंह यांनी एका आमदारावर आरोप करणारं पत्रक काढलं. त्या प्रकरणात १९६४ साली सभागृहाने विशेषाधिकार वापरून त्यांना सात दिवस तुरुंगात पाठवलं. उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठाने जामीन दिला, तर सभागृहाने जामीन देणाऱ्या दोन न्यायमूर्तींनाच ताब्यात घेऊन समोर आणण्याचा ठराव केला. उच्च न्यायालयाचे २८ न्यायमूर्ती एकत्र बसले आणि त्यांनी तो थोपवला. अखेर राष्ट्रपतींनी सर्वोच्च न्यायालयाचं मत मागितलं. सरन्यायाधीश होते आपले गजेंद्रगडकर. नागरिकाच्या स्वातंत्र्याचा प्रश्न आला तर न्यायालयाला त्यात लक्ष घालता येतं, असं बहुमताचं मत त्यांनीच लिहिलं. तुझ्याविरुद्धही कोणी पत्रक काढेल. त्या दिवशी हे आठव. विशेषाधिकार मिळतो तो मतदारांच्या वतीने निर्भयपणे बोलता यावं म्हणून. टीका करणाऱ्याला धाक घालण्यासाठी तो कधी वापरू नकोस.

२२ सप्टेंबर २०२२ रोजी इथल्या विधानसभेने एक दिवस महिला सदस्यांच्या बोलण्यासाठी राखून ठेवला. त्याच वर्षीच्या निवडणुकीत ४७ जणी निवडून आल्या होत्या. मला त्या दिवशी आनंद झाला आणि मन भरूनही आलं, कारण बोलायला मिळावं म्हणून दिवस राखावा लागला होता. तू अशा दिवसाची वाट पाहू नकोस. महिलांच्या प्रश्नांवर बोलच, पण पुरवणी मागण्यांवर, सिंचनावर, विजेच्या दरावरही नाव दे. आकड्यांचा विषय आला की बायकांकडे बघायचंच नाही, ही सवय मोडायला हवी.

कागदाची मागची बाजू भरलीस की मला पाठव. पहिला प्रश्न लिहिशील त्याची प्रतही पाठव, मी इथे मोठ्याने वाचेन. नागपुरात थंडी असेल, शाल जवळ ठेव. आणि संध्याकाळी सभागृह तहकूब होईपर्यंत जागेवरून उठू नकोस. मला फोन त्यानंतर कर, मी जागी असेन.

तुझी,
मावशी