थोरल्याला शेगावी धाडताना

खामगाव

ती. ताईस,


थोरल्याला कॅपमधून, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, शेगावच्या गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालयात जागा मिळाली, फार आनंद झाला. फोनवर तू दोनच गोष्टी विचारल्यास. फी कशी भरायची, आणि पोरगं तिथं व्यसनाला लागणार तर नाही ना? आमच्या कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात इतकी वर्षं बसून माझं मत असं झालंय की तुझे हे दोन प्रश्न मुळात एकच आहेत.

आपलं सोयाबीन दसऱ्याच्या आसपास घरात येतं, कापूस दिवाळीच्या पुढेमागे. कॉलेज मात्र पैसे मागतं श्रावणात. भाऊजींनी त्यासाठी सावकाराचं दार धरू नये. घरचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे, प्रवेश कॅपमधून आहे, म्हणजे राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून शिक्षण शुल्काचा आणि परीक्षा शुल्काचा निम्मा भाग सरकार देतं. खोलीभाडं आणि मेससाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. आपली शेती चारच एकर, त्यामुळे तहसीलमधून अल्पभूधारकाचा दाखला मिळेल. दोन्ही अर्ज सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर भरायचे आणि दर वर्षी नव्याने भरायचे. बँक खातं आधारशी जोडलेलं आहे का, हे बँकेत जाऊन विचारा. अर्ज मंजूर होऊनही पैसे न आलेली जी पोरं माझ्या टेबलाशी येतात, त्यातल्या बऱ्याच जणांचं घोडं तिथंच अडलेलं असतं.

मात्र हे पैसे उशिरा येतात. घरात त्याची तयारी हवी.

आता दुसरं. पैसे अडकलेलं पोरगं आधी मेसवाल्याला टाळतं, मग वर्गाला. बारावीपर्यंत मराठीत शिकलेलं असेल तर पहिल्या सेमिस्टरचं इंग्रजीतलं गणित डोक्यावरून जातं, तेही कुणाला सांगत नाही. दिवसभर पानठेल्यावर बसलेल्या मुलाला पुडी कुणीतरी फुकटच देतो. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, शाळा-कॉलेजपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायची नाही असा २००३ चा केंद्राचा कायदा आहे, तरी पोरांना पुडी मिळते. पुडीनंतर दारूही येते. मग हजेरी घसरते. शाहू महाराज शिष्यवृत्तीला दुसऱ्या वर्षापासून आधीच्या सेमिस्टरची निदान पन्नास टक्के हजेरी लागते. ती नसली की पैसे थांबतात आणि पोरगं घरी परततं. गावात म्हणतात, वाया गेलं. मला ते ऐकवत नाही, कारण त्या पोराची अडकलेली फाईल मी पाहिलेली असते.

आपलं अमरावती विद्यापीठ ज्या गाडगेबाबांच्या नावाचं, त्यांचे वडील झिंगराजी दारूपायी गेले. ते लेकरू मामाकडे, दापुरीला वाढलं. बाबा जन्मभर कीर्तनातून दारू सोडा, पोरं शिकवा, असं सांगत फिरले. ही दोन कामं त्यांनी कधी वेगळी मानली नाहीत.

म्हणून त्याला जाताना शपथा घालू नकोस. पैसे संपले तर पहिला फोन घरी करायचा, विषय राहिला तरी घरी सांगायचं, एवढं त्याच्या मनात पक्कं बसू दे. विषय राहिला म्हणून कुणी मरत नाही, एटीकेटी असते. दर आठवड्याला मार्कांच्या आधी जेवणाचं विचार. आणि कधी तोंडाला वास आलाच, तर भाऊजींना हात उगारू देऊ नकोस. तंबाखू सोडवायला १८००-११-२३५६ आणि इतर व्यसनांसाठी १४४४६ हे सरकारचे मोफत नंबर आहेत, ते स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेव. महिन्यातून एका रविवारी मी शेगावला जाऊन त्याला भेटेन, जेवू घालेन. मामा म्हणून एवढं माझ्याकडे.

धाकटीचं शिक्षण मात्र या खर्चापायी अडवू नका. २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमाला कॅपमधून प्रवेश घेणाऱ्या, आठ लाखांच्या आतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क सरकार पूर्ण भरतं. तिचा प्रवर्गाचा दाखला बारावीच्या आधीच काढून ठेवा, ऐन प्रवेशाच्या वेळी सेतू केंद्रात रांगा लागतात.

सोमवारी भाऊजींना सातबारा, रेशनकार्ड आणि सगळ्यांची आधारकार्डं घेऊन तहसीलला पाठव. उत्पन्नाचा दाखला हातात आला की मला फोटो धाड. अर्ज मी स्वतः बसून भरतो.

तुझा भाऊ