वारा ब्रोशरमध्ये नव्हता

नव्वदच्या दशकात इंग्लंडमध्ये आम्ही सुट्टी शोधायचो ती टीव्हीवर, टेलेटेक्स्टच्या पानांत. काळ्या पडद्यावर ठोकळेबाज रंगीत अक्षरं: गॅटविकहून फुएर्तेव्हेंतुरा, सात रात्री, इतके पौंड. एका पानाच्या पोटात अनेक पानं असत आणि ती आपोआप पालटत. फोन नंबर अर्धा उतरवला की पान गायब. ते फिरून येईपर्यंत पेन्सिल धरून बसायचं. सगळ्यांत स्वस्त सौद्यात तर हॉटेलचं नावही नसे, ते बेटावर उतरल्यावर कळणार. माणसं अशा गोष्टीसाठी पैसे भरत, यावर माझ्या मुलीचा अजून विश्वास बसत नाही.

मग ट्रॅव्हल एजंटकडची ब्रोशर्स. फुकट म्हणून आम्ही दोन-दोन उचलायचो. त्यांत ऊन, निळा तलाव आणि छत्रीखालचं सुखी जोडपं. फुएर्तेव्हेंतुरा हे बेट स्पेनचं, पण आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून साधारण शंभर किलोमीटरवर, त्यामुळे जानेवारीतही अंगावर ऊन घेता येतं. ज्वालामुखीतून वर आलेलं, कॅनरी बेटांतलं सर्वांत जुनं आणि म्हणूनच झिजून बोडकं झालेलं. हे सगळं एका ओळीत उरकलेलं असे. वाऱ्याबद्दल मात्र चकार शब्द नाही.

तो तिथे गेल्यावरच भेटायचा. कोरालेहोच्या वाळूच्या टेकड्यांपाशी किनाऱ्यावर काळ्या दगडांचे कमरेएवढे अर्धगोल आडोसे रचलेले दिसले, तेव्हा वाटलं, पोरांचा खेळ असेल. दुपार होईतो पिंडऱ्यांना वाळू टोचायला लागली आणि रिकामा आडोसा शोधत आम्ही वणवण फिरलो. चांगले आडोसे जर्मन मंडळींनी सकाळीच धरलेले. ही वाळू सहारातून उडून आली असं जो तो सांगायचा. खरं तर ती बहुतांशी समुद्री शिंपल्यांचा चुरा आहे.

पण मला आठवते ती निघण्याआधीची धमाल. माहिती कोणाकडेच नव्हती, म्हणून मत सगळ्यांकडे होतं. पुण्याहून आलेल्या सासूबाईंना बेट म्हटलं की अंदमान आठवे. नवऱ्याला शेजारचं लांझारोते बेट हवं होतं, कारण त्याच्या ऑफिसातला कोणी तिथे जाऊन आला होता. भारतीय पासपोर्टवर व्हिसा, त्यासाठी लंडनमध्ये रांग, खिशात पेसेटा आणि ट्रॅव्हलर्स चेक. शाकाहाराची धास्ती म्हणून मेतकूट, भाजणी आणि छोटा कुकर. तिथल्या दुकानात पाहते तर गोफिओ, म्हणजे भाजलेल्या धान्याचं पीठ, आपल्या सातूच्या पिठाचं सख्खं भावंड! आणि प्रत्येक खानावळीत मिठाच्या पाण्यात साल सुरकुतेपर्यंत उकडलेले बटाटे, सोबत मोहो नावाची लसणाची झणझणीत चटणी. कुकर बॅगेतून बाहेरच निघाला नाही.

यंदा पुन्हा तिथेच जायचं ठरतंय, आणि बेत मुलीच्या हाती आहे. तिच्या फोनवर वाऱ्याचा वेग तासातासाने दिसतो, तोही नॉट्समध्ये. जुलैत सोताव्हेंतोच्या किनाऱ्यावर विंडसर्फिंगच्या स्पर्धा होतात तेव्हा वारा सर्वांत जोरात, म्हणून आपण ऑक्टोबरात जाऊ, हे तिने दोन मिनिटांत निकालात काढलं. नवरा लांझारोतेचं नाव काढायला गेला, तर तिने दोन्ही बेटांचा तक्ता समोर धरला. तो गप्प. सोय झाली हे मी मान्य करते. टेलेटेक्स्टसाठी गळा काढण्यात काही अर्थ नाही. पण तक्त्याशी भांडता येत नाही.

काही गोष्टी तक्त्यातही फसव्या असतात. 1994 च्या जानेवारीत ‘अमेरिकन स्टार’ नावाचं जुनं प्रवासी जहाज ओढून नेताना दोर तुटून पश्चिम किनाऱ्यावर आदळलं. थायलंडमध्ये त्याचं हॉटेल होणार होतं. तेव्हा त्याचा अजस्र सांगाडा पाहायला लोक कच्च्या रस्त्याने गाड्या हाकत. लाटांनी तो हळूहळू गिळला. इंटरनेटवर मात्र तो अजून दिमाखात उभा आहे, आणि मुलीने त्याच्यासाठी अर्धा दिवस राखून ठेवला होता. हे एक मला माहीत होतं!

यजमानांना आपण हवे आहोत का, हा प्रश्न तेव्हा आमच्या घरात कधी निघाला नाही. 2024 च्या एप्रिलमध्ये कॅनरी बेटांवर हजारो लोक रस्त्यावर उतरले: घरभाडी परवडेनात, पाणी पुरेना, पर्यटनाला काही मर्यादा घाला. समुद्राचं पाणी गोडं करून जगणाऱ्या बेटावर आम्ही तेव्हा दिवसातून दोनदा अंघोळ करायचो. यंदा तलाव नसलेलं घर घ्यायचं, यावर निदान एकमत झालं.

शेजारच्या लोबोस बेटावर पूर्वी कोरालेहोच्या धक्क्यावरून तिकीट काढून थेट जाता यायचं. आता आधी परवाना काढावा लागतो, सकाळचा किंवा दुपारचा, आणि एका वेळी मोजकीच माणसं सोडतात. मुलगी सकाळ म्हणते, नवरा दुपार म्हणतो, सुट्टीत कोण लवकर उठणार. परवाना फार आधी मिळत नाही, तेव्हा या प्रश्नावर ऑक्टोबरपर्यंत भांडता येईल.