पंधरा मिनिटांचा हिशेब

आमचा धाकटा भाऊ नोकरीनिमित्त झांबियाची राजधानी लुसाका येथे असतो. २०२३ च्या जुलैमध्ये त्याच्या आग्रहावरून आम्ही उभयता तिकडे गेलो. विमानाचे भाडे त्यानेच भरले. लिव्हिंग्स्टन गावी पोहोचल्यावर हेलिकॉप्टरमधून धबधबा व दऱ्या पाहण्याची गोष्ट निघाली, तेव्हा "हे तिकीट तरी आम्ही काढू" असे आम्ही बोलून बसलो आणि दर ऐकून गप्प झालो. पंधरा मिनिटांच्या फेरीला दोघांचे मिळून जे पैसे पडत होते, त्यात आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेची वर्षाची पुस्तके आली असती.

वीस वर्षे कारकुनी आणि तितकीच वर्षे समाजकार्य केलेल्या माणसाला स्वतःवर पैसा खर्चताना चोरी केल्यासारखे वाटते. भाऊ म्हणाला, "दादा, एवढ्या लांब आलास, आता हिशेब पुरे." आमच्या सहचारिणी मात्र स्पष्टच बोलल्या, "समाजासाठी झिजावे हे खरे. पण आपल्या माणसांनी जग खालूनच पाहावे, असा काही नियम आहे का?" यावर आम्ही निरुत्तर झालो.

उड्डाणाआधी प्रत्येकाला वजनकाट्यावर उभे केले. यंत्राचा तोल राहावा म्हणून कोणी कुठे बसायचे ते वजनावरून ठरते. वजन ठेवल्याशिवाय फाईल हलत नाही, हे कारकून म्हणून आम्हाला ठाऊक; पण इथले वजन सरळ किलोत होते! सहचारिणींना पुढे पायलटशेजारी जागा मिळाली, आम्ही मागे. पायलट तिथलीच पंचविशीतली एक तरुणी होती.

वर चढताच झांबेझी नदी दिसली, बेटांना कुशीत घेऊन संथ चाललेली. आणि एकाएकी, जमिनीला चीर पडावी तशा फटीत सुमारे १७०० मीटर रुंदीची ती सगळी नदी कोसळत होती! कड्याची उंची १०८ मीटरपर्यंत. तुषारांचा लोट आभाळाकडे चढत होता आणि त्यात इंद्रधनुष्य उमटले होते. जमिनीवरून धबधब्याचा एकेक तुकडाच दिसतो. वरून मात्र खालच्या दऱ्यांची नागमोडी रांग ध्यानात येते. यातली एकेक दरी म्हणजे धबधब्याची जुनी जागा. काळ्या बेसाल्ट खडकातल्या मऊ भेगा पाणी पोखरत जाते आणि कडा मागे सरकत राहतो. आपल्या सह्याद्रीचा कातळही बेसाल्टचाच. तिकडचा सुमारे १८ कोटी वर्षांचा, आपला साडेसहा कोटींच्या आसपासचा. त्यामुळे मुलूख परका वाटेना.

एवढे पाणी पाहून आईची आठवण झाली. उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी ती मैलभर चालायची. वरून विमान गेले, की डोक्यावरचा हंडा सावरत थांबायची आणि दिसेनासे होईपर्यंत पाहायची. आमचे डोळे भरून आले. कानांवर हेडफोन असल्याने कुणाला काही कळले नाही.

१८५५ साली लिव्हिंग्स्टन यांनी या धबधब्याचा 'शोध' लावला, असे आम्ही शाळेत शिकलो. वास्तविक त्यांना तिथवर होडीतून नेले ते तिथल्याच लोकांनी. त्या लोकांनी आधीच नाव ठेवले होते, 'मोसी-ओआ-तुन्या', म्हणजे गर्जणारा धूर. त्यावर इंग्लंडच्या राणीचे नाव चढले. १९८९ साली जागतिक वारसा यादीत मात्र दोन्ही नावे नोंदली गेली. पुसलेले नाव परत मिळण्याचे मोल आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

घरी परतल्यावर खर्चाची वही उघडली. बी.कॉम. झालेला माणूस, पण ही रक्कम कोणत्या खात्यावर टाकावी ते ठरेना. 'चैन' लिहायला मन धजेना, म्हणून रकाना कोराच ठेवला.

पुढच्या रविवारी अभ्यासिकेत मुलांना फोटो दाखवले, दऱ्या कशा झाल्या ते फळ्यावर काढून सांगितले. सगळे धबधब्याकडे पाहत होते. सातवीतल्या एका मुलीची नजर मात्र पायलटच्या फोटोवर खिळली होती. तिने विचारले, "काका, ही बाई खरंच चालवत होती? मला येईल का तसं?"

आम्ही म्हणालो, "येईल. आधी गणित सोडू नकोस."

गणितात ती कच्ची आहे. तरी तेव्हापासून दर रविवारी सर्वांआधी वही घेऊन हजर असते. वहीतला तो रकाना आम्ही भरून टाकला आहे. खाते लिहिले, 'शिक्षण'.