राजाच्या पाठीवरचा मजकूर

कोणाला कोणता छंद कोठे जडेल, हे सांगता येत नाही. आम्ही मूळचे वसईकडचे. परंतु पोटापाण्याच्या निमित्ताने आयुष्याची बावीस वर्षे सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीत घालविली. एका बाजूला पुणे रस्त्यावरची अवजड वाहने, दुसऱ्या बाजूला कारखान्यांची पत्र्याची छपरे आणि वर वैशाखातले ऊन. अशा ठिकाणी राहून आम्ही जमविले काय, तर राजेमहाराजांच्या समारंभांचे कागद!

याचे मूळ आजोबांच्या पेटीत आहे. त्या पेटीत एका जुन्या पाकिटावर अर्ध्या आण्याचे तिकीट होते. एका बाजूला बादशहा पाचवे जॉर्ज आणि मध्ये गेटवे ऑफ इंडिया. बादशहांच्या कारकिर्दीला पंचवीस वर्षे झाली म्हणून १९३५ साली सात तिकिटांचा जो संच निघाला, त्यातले ते पहिले. ताजमहाल, अमृतसरचे सुवर्णमंदिर, रामेश्वरचे देऊळ अशी चित्रे असलेला तो संच आपल्या नाशिकच्या छापखान्यात छापला गेला. हेच बादशहा २ डिसेंबर १९११ रोजी मुंबईच्या अपोलो बंदरावर उतरले, १२ डिसेंबरला त्यांनी दिल्लीत दरबार भरविला आणि राजधानी कलकत्त्याहून दिल्लीस हलविण्याची घोषणा केली. अशा समारंभांसाठी प्रवेशपत्रिका, कार्यक्रमपत्रिका, मेजवानीतील पदार्थांच्या याद्या असे कितीतरी कागद छापले जातात. ते एका दिवसापुरते असतात. दुसऱ्या दिवशी लोक ते टाकून देतात, आणि म्हणूनच पुढे ते दुर्मीळ होतात.

या छंदाने आम्हाला एक गोष्ट लवकरच शिकविली. दुर्मिळता सिंहासनावर अवलंबून नसते. आठव्या एडवर्डचा राज्याभिषेक १२ मे १९३७ रोजी ठरला होता. त्याने १९३६ च्या डिसेंबरात राज्यत्याग केला आणि समारंभ झालाच नाही. अशा कधीही न झालेल्या समारंभाची स्मरणवस्तू अमोल असेल, असे आम्हाला वाटे. परंतु त्या वस्तू आधीच इतक्या मोठ्या प्रमाणावर तयार झाल्या होत्या की, आजही त्या सहज मिळतात. ठरलेल्या त्याच दिवशी त्याच्या धाकट्या भावाला, सहाव्या जॉर्जला, राज्याभिषेक झाला.

त्याच राज्याभिषेकाचे एक रंगीत चित्र आमच्या हाती अगदी अनपेक्षितपणे आले. आमच्या कारखान्यातील एक फिटर सोलापूरच्या पूर्व भागातला, विणकर घराण्यातला. जुने घर पाडताना त्याला फुटक्या काचेची एक चौकट सापडली. "साहेब, तुम्हाला असले कागद आवडतात ना?" असे म्हणत त्याने ती आमच्या मेजावर ठेवली. आत राजा-राणी आणि खाली तारीख, १२ मे १९३७. आम्ही चकित झालो. ज्या सोलापुरात १९३० च्या मे महिन्यात मार्शल लॉ पुकारला गेला, ज्या सोलापूरच्या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली, त्याच गावातल्या एका विणकराच्या भिंतीवर हे चित्र कसे लागले असेल? आम्ही फिटरला दोनशे रुपये देऊ केले. त्याने घेतले नाहीत. चित्राची किंमत त्याहून कितीतरी अधिक आहे हे ठाऊक असूनही आम्ही पुन्हा आग्रह केला नाही. ही कबुली येथे देणे भाग आहे.

चित्राला एक खोट होती. मागच्या बाजूला पेन्सिलीने तेलुगूत काही खरडलेले होते. मुंबईच्या एका व्यापाऱ्याने सल्ला दिला की, असल्या लिखाणाने भाव उतरतो. पाठीला पुठ्ठा चिकटवून टाका. आम्ही पुठ्ठा आणला, खळही करून ठेविली. परंतु मनाला काय वाटले कोण जाणे, चिकटविण्यापूर्वी आम्ही फिटरला विचारले, "हे काय लिहिले आहे?" तो मराठी शाळेत शिकलेला, त्याला तेलुगू बोलता येई, वाचता येत नसे. रविवारी मिस्सा आटोपून आम्ही चित्र घेऊन त्याच्या घरी गेलो. शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांनी चष्मा पुसून वाचले. वर सुताच्या उधारीचा हिशेब होता. खाली लिहिले होते की, १९३८ साली नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी दिवेलागणीला मुलगी झाली. आई व मूल सुखरूप.

कोपऱ्यात बसलेली फिटरची आई एकदम म्हणाली, "पुन्हा वाचा." तिच्या कार्डावर जन्मतारीख १ जानेवारी अशी होती, कोणीतरी अंदाजाने घातलेली. वडील ती लहान असतानाच वारले होते. त्यांचे अक्षर तिने कधी पाहिले नव्हते, आणि पाहिले असते तरी तिला वाचता आले नसते. तिने त्या ओळीवरून बोट फिरविले. राजाकडे तिने एकदाही पाहिले नाही.

परतताना आम्हाला आपल्याच समाजाची आठवण झाली. १८८७ साली व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने मुंबई-साष्टीकडच्या आपल्या पूर्वजांनी 'ईस्ट इंडियन' हे नाव धारण केले आणि आपली संस्था स्थापिली. बाहेरून नोकरीसाठी आलेल्या ख्रिस्ती बांधवांहून आपली ओळख वेगळी राहावी, हा त्यांचा हेतू. सोहळा राणीचा, पण त्यावर त्यांनी लिहिले ते आपले नाव. त्या विणकरानेही दुसरे काय केले? घरात कोरा कागद नव्हता. राजाची पाठ तेवढी कोरी होती. आपल्या जन्माची नोंद देवळातल्या बाप्तिस्म्याच्या वहीत असते, म्हणून तिचे मोल आपल्याला कळत नाही. त्या घरची वही ती एवढीच होती.

चित्र आम्ही तेथेच ठेवून आलो. पुढच्या नारळी पौर्णिमेला, पद्मशाली समाज मार्कंडेयाचा रथ काढतो त्या दिवशी, फिटरने आम्हाला एक डबा आणून दिला. आदल्या दिवशी घरात आईचा वाढदिवस झाला होता. तिच्या आयुष्यातला पहिला.

आमच्या संग्रहात त्या चित्राची जागा रिकामी आहे. व्यापाऱ्याच्या हिशेबाने आम्ही नुकसानीत आहोत. मात्र तेव्हापासून कोणताही कागद हाती आला की, आम्ही तो आधी उलटून पाहतो.