भिलाईतला चौथा गडी

सकाळी नागपूरला गाडीत बसलं, की जेवणाच्या वेळेला दुर्ग. तिथून भिलाई लागूनच. माझ्या आत्याचं घर तिथल्या सेक्टरमधल्या क्वार्टरमध्ये. रुंद रस्ते, दुतर्फा झाडं आणि रिक्षावाल्याला फक्त सेक्टर अन् स्ट्रीटचा नंबर सांगायचा!

1955 मध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला आणि 4 फेब्रुवारी 1959 ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन केलं. रेल्वेचे रूळ ही इथली खासियत. 130 मीटर लांबीचा अखंड रूळ इथे तयार होतो. आत्याचे यजमान 'बीएसपी'तून निवृत्त झाले, मुलगाही तिथेच लागला. नोकरी, क्वार्टर, सेक्टर 9 चं हॉस्पिटल, सगळं आखून दिलेलं.

आणि नातू? तो बीजीएमआय खेळतो. वय 19, बी.कॉम.ला आहे.

मला वाटलं, टाइमपास असेल. पण त्याने शेजारी बसवून सगळं दाखवलं. चौघांचा संघ. एक जण पुढे घुसणारा, एक डावपेच ठरवून हुकूम सोडणारा, एक लांबून नेम धरणारा. हा चौथा, सपोर्ट. जखमी सोबत्याला उठवायचं, धुराचा पडदा टाकायचा, आपण मागे राहायचं. रोज संध्याकाळी दुसऱ्या संघांशी सराव, त्याला 'स्क्रिम' म्हणतात. मग आपलेच सामने पुन्हा बघून चुका लिहायच्या. वही दाखवली त्याने. अकाउंट्सच्या वहीपेक्षा नीटनेटकी होती, हे आत्याला सांगितलं नाही!

आजोबांचा प्रश्न मात्र साधा होता, "कारखाना एका रात्रीत गायब होतो का रे?"

खेळ होतो. सप्टेंबर 2020 मध्ये सरकारने पबजी मोबाइलवर बंदी घातली. जुलै 2021 मध्ये बीजीएमआय आला. 28 जुलै 2022 ला तोही ॲप स्टोअरवरून हटला आणि पुढच्या वर्षी मे महिन्यात परतला. ते दहा महिने पोरगा घरात कुणाशी धड बोलत नव्हता, असं वहिनी म्हणाली.

त्याचं म्हणणं, मुंबईचा अंकित पंथ काउंटर-स्ट्राइक खेळतच नावारूपाला आला ना? रेड बुलसारख्या कंपनीने त्याला आपला खेळाडू म्हणून घेतलं. सरकारनेही डिसेंबर 2022 मध्ये ई-स्पोर्ट्स क्रीडा मंत्रालयाच्या कक्षेत आणलं. 2025 च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी आली, पण ई-स्पोर्ट्सला मान्यता मिळाली. सगळं खरं. पण असे अंकित किती आणि दारात थांबलेली पोरं किती? हे मी बोलून दाखवलं. "माहितीय मावशी," म्हणाला, "म्हणून तर बी.कॉम. सोडलं नाही."

(घरात लहान मुलं असतील तर लक्षात ठेवा, या खेळात 18 वर्षांखालच्यांना दिवसाला तीनच तासांची मुभा आहे. मोठ्यांच्या नावाचं अकाउंट त्यांच्या हाती देऊ नका.)

दुसऱ्या दिवशी मैत्री बागेत गेलो. भारत-सोव्हिएत मैत्रीची खूण म्हणून 1972 मध्ये उभारलेली ही बाग, इथले पांढरे वाघ बघायलाच लोक येतात. वाघ झोपलेला होता. पोरगा फोनवर सोबत्यांशी संध्याकाळची वेळ ठरवत होता.

रात्री साडेनऊला त्याचे वडील डबा घेऊन नाइट शिफ्टला निघाले. हा कानाला हेडफोन लावून बसलेला. दारात थांबून त्यांनी विचारलं, "तुझी कितीपर्यंत?"

"बारापर्यंत, बाबा."

"दूध झाकून ठेव मग," म्हणाले आणि स्कूटर काढली.