तू कोनाकडनी शे वं?

पुण्यात माझ्यासोबत काम करणारी जर्मन मैत्रीण मामेबहिणीच्या लग्नाला यायचं म्हणाली, तेव्हा आनंदापेक्षा मला धास्तीच वाटली. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया नुकतीच झालेली, वैशाखाचं ऊन, धुळ्याकडचं पांझरा नदीकाठचं मामाचं घर पाहुण्यांनी भरलेलं. सगळे हिच्याभोवती गोळा होतील, ही खुर्चीत अवघडून बसेल, असं चित्र मी डोळ्यांपुढे उभं केलं होतं.

आधी जळगावला आमच्या घरी एक मुक्काम झाला. तिथून धुळ्याकडे निघालं की वाटेतच बोली बदलते. आमच्या शेजारच्या आसोद्यात बहिणाबाई चौधरी 1880 साली जन्मल्या, त्यांच्या कवितेतली लेवा बोली मागे राहते आणि कानावर अहिराणी पडू लागते. मामाच्या ओसरीवर पाय ठेवताच आजीनं तिचा हात धरून विचारलं, "तू कोनाकडनी शे वं माय?"

मी घाईत सांगितलं, "कुठून आलीस, विचारतेय." ती म्हणाली, "हँबर्ग." आजी अजून उत्तराची वाट पाहत होती. मग माझ्या लक्षात आलं, की आजीला देश नकोच होता. नवरीकडची की नवरदेवाकडची, एवढंच तिला हवं होतं. मांडवात तिसरी बाजू नसते. आजीनं स्वतःच मिटवून टाकलं, "आपलीच शे."

तेवढ्यानं सगळं बदललं. आपली म्हटल्यावर कामाला लावणं आलंच.

दुसऱ्या दिवशी पहाटे परसात चुली पेटल्या, त्यांवर खापरं पालथी पडली. खापराच्या पुरणपोळीची कणीक तेलपाणी लावून इतकी तिंबतात, की ती हातावरून ओघळायला लागते. पुरण भरलेला गोळा मावशी दोन्ही हातांवर घेते, मनगटं फिरवत फिरवत कोपरापर्यंत पसरवते आणि एका झटक्यात तापल्या खापरावर टाकते. मी भाषांतर करायला सरसावले, पण मावशीनं मला बाजूला केलं. तिनं मैत्रिणीची मनगटं स्वतःच्या हातात धरली आणि फिरवून दाखवली. पहिली पोळी फाटली. दुसरीही. फाटलेला तुकडा मावशीनं तुपात बुडवून तिच्या तोंडात घातला. चौथी पोळी खापरावर अखंड पडली तेव्हा परसातल्या साऱ्या बाया थांबून बघत होत्या. चार तास ती त्या धगीजवळून हलली नाही. आम्ही शहरात परदेशी पाहुण्याला पहिल्या रांगेत बसवतो, गळ्यात हार घालतो आणि विसरतो. ते मला त्या सकाळपासून आवडेनासं झालं आहे.

पंगतीला वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी. उकडून तळलेली बट्टी हातानं चुरून तिच्यावर वरण ओतायचं, वरून तूप. तूप वाढणारा माणूस 'पुरे' ऐकतच नाही. जळगावच्या भरीत वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण ते हिवाळ्यातलं. ते तिला खाऊ घालता आलं नाही, याची हळहळ मला अजून आहे.

गोरज मुहूर्त होता. वऱ्हाड अमळनेरहून आलं आणि त्याच सुमारास नवरीची धाकटी बहीण उन्हानं तापली. करवली कोण, यावर मांडवात कुजबुज सुरू झाली. आजीनं करा उचलला आणि सरळ मैत्रिणीच्या हातात दिला. भटजींनी एकदा वर पाहिलं आणि पुढचं सुरू केलं.

"काय करायचं?" तिनं मला विचारलं.

"नवरीच्या मागे उभी राहा. पाणी सांडू देऊ नकोस."

अंतरपाट धरला गेला. मंगलाष्टकं चालू असताना ती दोन्ही हातांनी करा छातीशी धरून उभी होती. अक्षता तिच्या केसांत अडकत होत्या, पण त्या झटकायला तिनं हात सोडला नाही. नवरदेवाकडची एक बाई माझ्या कानाशी वाकली, "हाई कोन शे वं?"

मी म्हणाले, "आमनाकडनी करवली."