टिटवीची अंडी

गडमुडशिंगीच्या ज्या माळावर आमच्या उन्हाळी सुट्ट्या गेल्या, तो वर्णनास पात्र असा नव्हताच. एका अंगाला उसाचे मळे, दुसऱ्या अंगाला उजळाईवाडीच्या विमानतळाच्या दिशेने पसरत गेलेला मुरूम, मध्ये खडे, कुसळे आणि चारदोन बाभळी. येथे पाहण्यासारखे काही नाही, अशी आमची खात्री होती.

आम्ही तेव्हा नऊ-दहा वर्षांचे असू. चुलत्यांबरोबर मळ्याकडे निघालो होतो. डाव्या हाताला, पन्नासेक पावलांवर एक टिटवी आकांत करीत होती. घरटे तिथेच असणार, अशा हुशारीने आम्ही माळात शिरलो, तोच आबा ओरडले, "हलू नगंस! पाय हाय तितंच ठेव!" आम्ही खाली पाहिले, खडे होते. पुन्हा पाहिले; खडेच. आबांनी जवळ येऊन काठीचे टोक टेकवले, तेव्हा आमच्या अंगठ्यापासून वीतभर अंतरावर चार अंडी होती. ती तेव्हा 'दिसली' असे म्हणणेही खरे नाही. ती आधीपासून डोळ्यांपुढेच होती. अंडी म्हणून दिसत नव्हती, इतकेच.

त्या 'इतकेच'चा उलगडा व्हायला पुढे बरीच वर्षे गेली. अंड्यांचा रंग मातीसारखा असतो हे उत्तर अपुरे आहे. कोणतीही वस्तू आपला डोळा वेगळी काढतो तो मुख्यतः तिच्या कडेवरून. कड सलग मिळाली की आतला भाग एक वस्तू ठरतो. टिटवीच्या मातकट अंड्यावरचे काळपट डाग काही ठिकाणी नेमके या कडेवर पडतात. तिथे डाग शेजारच्या खड्याच्या सावलीत मिसळतो, फिकट भाग मुरमाला जाऊन मिळतो, आणि अंडाकृती जुळतच नाही. ह्यू कॉट या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने १९४० सालच्या आपल्या ग्रंथात या आकारभंगाचे सविस्तर विवेचन केले. २००५ साली ब्रिस्टल विद्यापीठातील इनिस कटहिल आणि सहकाऱ्यांनी ते पाखरांनाच विचारून पाहिले. कागदी त्रिकोणांचे खोटे पतंग, प्रत्येकाखाली एक अळी, आणि ते ओकच्या खोडांवर टाचलेले. ज्यांची नक्षी कडेला छेदून जात होती, ते अधिक काळ वाचले. रंग तेच, पण नक्षी आतल्या आत राहिलेली, ते लवकर सापडले.

कॉटच्या आधी हे सूत्र ॲबट थेअर या अमेरिकन चित्रकाराने ओळखले होते. पण सूत्र हाती लागल्यावर त्याला आवरेना. १९०९ साली मुलाच्या नावाने निघालेल्या ग्रंथात गुलाबी रोहित पक्षीसुद्धा सांजसकाळच्या आकाशात लपण्यासाठीच तसे रंगले आहेत, असे प्रतिपादन आहे. थिओडोर रूझवेल्ट यांनी त्याचा कडक समाचार घेतला. आम्हांस मात्र थेअरविषयी आपुलकी वाटते. एक प्रतिमा सापडली की सारे वाङ्मय तिच्यात बसविणारे समीक्षक आम्ही जवळून पाहिले आहेत, कधी आरशातही.

ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायात चोचीने समुद्र मोजू पाहणारी टिटवी येते, आणि मराठी मनात ती आवाक्याबाहेरच्या धाडसाची खूण होऊन बसली आहे. माळावरची टिटवी इतकी भाबडी नसते. धोका दिसताच ती अंड्यांवरून मुकाट उठते, चालत दूर जाते आणि तिथून ओरडू लागते. अंडी डोळ्याला चकवतात, तर ही कानाला. आम्ही दोन्हींना फसलो होतो.

एकदा दाखविल्यावर मात्र ती चार अंडी आम्हांला खडे म्हणून पाहताच येईनात. लूक टिनबर्गन या डच पक्षिशास्त्रज्ञाच्या १९६० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडले आहे की, पक्षीही एखादे भक्ष्य वारंवार सापडले की त्याची शोधप्रतिमा मनाशी धरतात आणि मग तेच भक्ष्य भराभर टिपतात. आम्हांला पक्ष्यांइतका आपल्या नजरेचा भरवसा नव्हता. उद्या पुन्हा सापडावीत म्हणून आबांची पाठ वळताच आम्ही ओढ्यातला एक पांढराशुभ्र गोटा आणून अंड्यांशेजारी ठेवला.

दुसऱ्या दिवशी गोटा लांबूनच दिसला. शेजारी उथळ खळगा होता, आणि त्यात कवचाचा एक तुकडा. कावळा असेल, मुंगूस असेल, कुत्रेही असेल. आबांनी गोट्याकडे पाहिले, आमच्याकडे पाहिले, आणि काही न बोलता तो उचलून उसात भिरकावला. टिटवी त्या दिवशी ओरडत नव्हती.

गेल्या उन्हाळ्यात गावी गेलो असता त्या माळाच्या उरलेल्या तुकड्यावरून जाताना उजवीकडून टिटवीचा आकांत ऐकू आला. आम्ही जागीच थांबलो. पायाखाली पाहिले, खडे होते. चष्मा पुसून पुन्हा पाहिले, खडेच. मग आलो त्याच पावलांच्या ठशांवर एकेक पाय ठेवीत मागे फिरलो.